किल्ली परत देताना

(मंठा येथे झालेल्या कार्यकर्त्यांच्या बैठकीतलं हे भाषण. बोलताना मधेमधे जे प्रश्न विचारले गेले, त्यांची उत्तरं त्या त्या जागी घालून घेतली आहेत.)



आजच्या बैठकीत ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांच्या प्रश्नावर बोलून झालं, रेशनवर झालं, कौटुंबिक हिंसेच्या केसेसवर झालं. आता मला दिलेला विषय आहे ‘ऑफिसची जागा मुदतीआधी कशी सोडायची’. विषय वाचून दोघीचौघींनी एकमेकींकडे बघितलं, ते मी पाहिलं. हा काय चळवळीचा विषय झाला? पण मागच्या काही वर्षांत मराठवाड्यातल्या ज्या ज्या गटांशी माझं बोलणं झालं, त्यांतल्या बऱ्याच जणींनी हळूच, बाजूला घेऊन हेच विचारलं. “ताई, पैसे संपलेत, जागा परवडत नाही, पण करार तीन वर्षांचा आहे. काय करायचं?” बाजूला घेऊन विचारतात, कारण लाज वाटते. आपण दुसऱ्यांना कायदा सांगतो आणि आपल्याच कागदावर काय लिहिलंय ते आपल्याला माहीत नसतं. म्हणून आज हे सगळ्यांसमोर बोलू. माझ्याच गटाची गोष्ट सांगते, म्हणजे लाजेचा पहिला वाटा माझा.

आमची जागा

जून २०१९ मध्ये आम्ही इथे मंठ्यात दोन खोल्या भाड्याने घेतल्या. खाली दुकान, वर आम्ही. त्याआधी आमचं केंद्र म्हणजे एका मैत्रिणीची ओसरी होती. तिथे बाई बोलायला बसली की घरातला कोणीतरी पाणी प्यायच्या निमित्ताने येऊन जायचा. त्यामुळे स्वतःच्या दाराची, स्वतःच्या कडीची जागा मिळाली तेव्हा आम्हाला केवढा आनंद झाला होता! जिंतूर रस्त्यावरच्या तांड्यांमधून, परतूरकडच्या गावांमधून बाया येत. एसटीतून उतरून कोणालाही न विचारता पोचता येईल अशी जागा होती. ज्या बाईला नवऱ्याच्या नकळत यायचंय, तिच्या दृष्टीने ‘कोणालाही न विचारता’ याला फार अर्थ असतो.

भाडं महिना साडेचार हजार, डिपॉझिट तीस हजार. मालकांनी करार टाइप करून आणला होता. मुदत छत्तीस महिने. त्यात एक कलम होतं की पहिले चोवीस महिने जागा सोडता येणार नाही, सोडली तर उरलेल्या मुदतीचं सगळं भाडं द्यावं लागेल आणि डिपॉझिट जप्त होईल. यालाच ‘लॉक-इन’ म्हणतात, हे आम्हाला मागाहून कळलं. स्टॅम्प पेपरवर नोटरीपुढे सह्या झाल्या. दुय्यम निबंधकाकडे नोंदणी झाली नाही. ‘कशाला उगाच खर्च’ असं मालक म्हणाले, आम्हीही मान डोलावली. संस्थेचा शिक्का कोणीतरी घरी विसरली होती, म्हणून आमच्या सचिव ताईंनी स्वतःच्या नावाने सही केली. वर सहा चेक, तारीख आणि रक्कम न घालता, ‘सिक्युरिटी’ म्हणून दिले.

एवढ्या एका दुपारी आम्ही किती चुका केल्या, ते पुढे मोजूच.

पैसे का संपले

आमचं बरंचसं काम एका मोठ्या संस्थेमार्फत येणाऱ्या परदेशी मदतीवर चालत होतं. मदत त्यांना यायची, त्यातला हिस्सा ते आम्हाला द्यायचे. तालुक्याच्या ठिकाणचे कितीतरी गट असेच चालत होते. सप्टेंबर २०२० मध्ये परदेशी योगदान नियमन कायद्यात दुरुस्ती झाली. परदेशी निधी घेणाऱ्या संस्थेने तो निधी दुसऱ्या कोणत्याही संस्थेला द्यायचा नाही, असा नियम २९ सप्टेंबर २०२० पासून आला. प्रशासकीय खर्चाची मर्यादा निम्म्यावरून वीस टक्क्यांवर आली, आणि ऑफिसचं भाडं या कायद्याच्या नियमात प्रशासकीय खर्चातच मोडतं. म्हणजे मोठ्या संस्थेचेही हात बांधले आणि आमचा तर नळच बंद झाला. त्याआधी सहा महिने टाळेबंदी होतीच. एप्रिल आणि मे २०२० चं भाडं आम्ही देऊ शकलो नव्हतो.

ऑक्टोबरच्या बैठकीत हिशेब मांडला. खात्यात दोन महिन्यांचं भाडं निघेल एवढे पैसे होते. जागा सोडायचं ठरलं. सचिव ताई मालकांना भेटायला गेल्या. मालक वाईट माणूस नव्हते, हे मला सांगितलं पाहिजे. त्यांनी चहा दिला. मग करार काढला, कॅल्क्युलेटर काढला आणि म्हणाले, “डिसेंबर दोन हजार वीस ते मे दोन हजार बावीस, अठरा महिने. एक्याऐंशी हजार होतात. डिपॉझिट तर गेलंच. मागचे दोन महिने वेगळे. ताई, करार म्हणजे करार.” ताई निघाल्यावर त्यांनी फोन केला तो ताईंच्या यजमानांना. “तुमच्या मिसेसला व्यवहाराचं कळत नाही, तुम्ही जरा लक्ष घाला. माझ्याकडे चेक आहेत, पोलिसात जायची वेळ आणू नका.”

त्या रात्री ताईंच्या घरी काय झालं असेल, ते तुम्हाला सांगायला नको. गटासाठी केलेल्या एका सहीचा हिशेब त्यांना आपल्या स्वयंपाकघरात द्यावा लागला. दुसऱ्या दिवशी त्या केंद्रात आल्या आणि म्हणाल्या, “मी मंगळसूत्र मोडते. विषय संपवू.” आम्ही सगळ्या गप्प बसलो. बाईने सोनं मोडून गटाचं कर्ज फेडायचं, आणि गटाचं नाव मात्र स्त्रीमुक्तीचं!

दुसरी एक जण म्हणाली, “रात्रीतून सामान काढू, कुलूप लावून निघून जाऊ. काय करेल तो?” हेही आम्ही केलं नाही. का केलं नाही, ते आता सांगते.

कागद वाचायला बसलो

आम्ही त्या कराराच्या झेरॉक्स काढल्या, प्रत्येकीच्या हातात एक दिली आणि मोठ्याने वाचायला बसलो. मग तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज केला. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे कोणत्याही स्त्रीला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. हे आपण इतर बायांना रोज सांगतो. सही ताईंच्या वैयक्तिक नावाने होती ना, मग अर्जही त्यांच्याच नावाने झाला. चुकीच्या सहीचा एवढा एक फायदा. तिथल्या वकील बाईंकडून आम्ही जे शिकलो, ते क्रमाने सांगते.

पहिली गोष्ट. आपल्याकडे कोणता कायदा लागतो, हे आधी ठरवावं लागतं. मराठवाड्यात पूर्वी हैदराबादचा १९५४ चा घरभाडे कायदा होता. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून अमलात आला आणि जुना कायदा गेला. पण नवा कायदा प्रत्येक गावाला आपोआप लागत नाही. त्याच्या अनुसूचीत ज्या भागांची नावं आहेत तिथे तो लागतो, आणि सरकार अधिसूचना काढून तो आणखी भागांना लावू शकतं. जिथे तो लागत नाही, तिथे मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ चालतो. तेव्हा जालन्यातल्या मैत्रिणीचा सल्ला खेड्यातल्या मैत्रिणीने जसाच्या तसा उचलायचा नाही. तुमचं गाव अनुसूचीत आहे का, हा वकिलाला विचारायचा पहिला प्रश्न.

दुसरी गोष्ट नोंदणीची. १८८२ च्या कायद्याचं कलम १०७ म्हणतं की एक वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदणी केलेल्या दस्तानेच करता येतो. नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे. नोंदणी दुय्यम निबंधकाकडे होते. आमचा छत्तीस महिन्यांचा करार नोंदलेलाच नव्हता. अशा कागदावर तीन वर्षांचा भाडेपट्टा उभा राहत नाही. मात्र भाडेकरू जागेत राहतोय, मालक दरमहा भाडं घेतोय, तर त्यातून महिन्या-महिन्याची भाडेदारी तयार होते. सर्वोच्च न्यायालयाने २००० साली अँथनी विरुद्ध के. सी. इट्टूप अँड सन्स या खटल्यात पाच वर्षांच्या अशाच एका अनोंदणीकृत भाडेपट्ट्याबाबत हे सांगितलं आहे. आणि महिन्याची भाडेदारी संपवायला कलम १०६ प्रमाणे पंधरा दिवसांची लेखी नोटीस पुरते. नोटीस मालक देऊ शकतो तशी भाडेकरूही देऊ शकतो. २००२ च्या दुरुस्तीनंतर हे पंधरा दिवस नोटीस हातात पडल्यापासून मोजतात.

मालकांनी नोंदणीचा खर्च वाचवला होता. त्याच बचतीने त्यांचं चोवीस महिन्यांचं कलम लंगडं करून ठेवलं होतं.

पण इथे टाळ्या वाजवू नका. तुमचा करार ‘भाडेपट्टा’ नसून ‘लिव्ह अँड लायसन्स’ असेल, तर वाद वेगळ्या वाटेने जातो. वर नुसतं ‘लायसन्स’ लिहिलं म्हणून ते लायसन्स होत नाही. जागेचा पूर्ण ताबा कोणाकडे होता, हे कोर्ट बघतं, असं १९५९ सालापासून सर्वोच्च न्यायालय सांगत आलं आहे. १९९९ चा कायदा जिथे लागतो तिथे कलम ५५ प्रमाणे भाड्याचा आणि लायसन्सचाही करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, मुदत कितीही असो. ती नोंदणी करून घ्यायची जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी नसेल तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं. शिवाय मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. ‘अकरा महिन्यांचा करार केला की नोंदणी लागत नाही’ असं जे सगळीकडे सांगतात, ते या कायद्याखालच्या गावात खरं नाही.

करार नोंदवलेला असेल तर?

हा प्रश्न आत्ता मागून आला, तो महत्त्वाचा आहे. करार नोंदलेला आहे, त्यात लॉक-इन आहे, आणि आपल्याला तरीही जायचंय. तेव्हा उरलेल्या सगळ्या महिन्यांचं भाडं गपचूप मोजून द्यायचं का?

भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७४ मध्ये म्हटलं आहे की करार मोडल्याबद्दल कागदावर एखादी रक्कम लिहिलेली असली, तरी कोर्ट त्या रकमेच्या मर्यादेत वाजवी भरपाई देतं. लिहिलेला आकडा ही कमाल मर्यादा झाली. तेवढीच रक्कम आपोआप मिळाली पाहिजे असं नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९६३ मध्ये फतेहचंद विरुद्ध बालकिशनदास आणि २०१५ मध्ये कैलाशनाथ असोसिएट्स या निकालांत हे नीट समजावून दिलं आहे. कलम ७३ सांगतं की नुकसान मोजताना, ते कमी करायला समोरच्याच्या हाती काय उपाय होते तेही बघायचं. जागा रिकामी झाली, पुढच्याच महिन्यात दुसरा भाडेकरू आला, तर अठरा महिन्यांचं नुकसान झालं कुठे? म्हणून आपण जागा सोडताना नवा भाडेकरू शोधून दिला तर ती नुसती भलमनसाई नसते, आपलं देणं त्याने कमी होतं. मात्र मालकाला न विचारता आपणच तिथे दुसऱ्याला बसवायचं नाही. पोटभाडेकरू ठेवणं हे १९९९ च्या कायद्याखाली जागा खाली करून घ्यायला पुरेसं कारण आहे.

आणखी एक गैरसमज. ‘टाळेबंदी होती, केंद्र बंद होतं, म्हणजे भाडं माफ.’ तसं होत नाही. अशक्य झालेला करार रद्द होतो हे करार कायद्याचं कलम ५६ भाडेपट्ट्याला लागू नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये सांगितलं आहे. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १०८ मध्ये आगीने, पुराने वगैरे जागा वापरण्याजोगी राहिली नाही तर भाडेपट्टा सोडायची मुभा आहे. पण आमची जागा धडधाकट होती, आम्हीच तिथे जाऊ शकत नव्हतो. त्यामुळे एप्रिल-मेचे नऊ हजार आम्ही देणं लागत होतो, आणि ते आम्ही नाकारले नाहीत. आपलं देणं असेल ते कबूल करायचं. बाकीचं नाकारताना मग आवाज चढवावा लागत नाही.

पोलीस, तुरुंग आणि मंगळसूत्र

आता धमक्यांकडे येऊ. थकलेलं भाडं हा दिवाणी मामला आहे. त्यासाठी मालक कोर्टात दावा लावू शकतो. पोलीस कोणाला उचलून नेऊ शकत नाहीत. आणि दाव्यात पैशाचा हुकूमनामा झाला तरी त्याच्या वसुलीसाठी स्त्रीला अटक करता येत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ५६ वाचा, स्पष्ट लिहिलं आहे. त्याच संहितेच्या कलम ६० मध्ये कशाकशाची जप्ती करता येत नाही याची यादी आहे. त्यात अंगावरचे लागणारे कपडे आहेत, स्वयंपाकाची भांडी आहेत, अंथरूण-पांघरूण आहे, आणि धर्माच्या रूढीप्रमाणे बाई जे दागिने अंगावरून काढू शकत नाही तेही आहेत.

वकील बाईंनी हे वाचून दाखवलं तेव्हा सचिव ताईंनी गळ्याला हात लावला. कोर्टालासुद्धा जे नेता येत नाही, ते आपण होऊन मोडायला निघालो होतो. मंगळसूत्राबद्दल आपल्या गटात मतभेद आहेत, ते राहू द्या. पण त्या दिवशी सगळ्यांना कळलं की भीतीपोटी बाई कायद्याहून जास्त देऊन बसते.

खरी भीती होती ती चेकची. परक्राम्य संलेख कायद्याच्या कलम १३८ प्रमाणे देण्यापोटीचा चेक वटला नाही तर तो फौजदारी गुन्हा होतो. चेक परत आल्याचं बँकेने कळवल्यापासून तीस दिवसांत समोरच्याने लेखी नोटीस द्यायची, आणि नोटीस मिळाल्यापासून पंधरा दिवसांत आपण पैसे भरले तर गुन्हा होत नाही. ‘चेक कोरा होता, आकडा त्यांनी भरला’ एवढं म्हणून सुटका नाही. आपण होऊन सही करून दिलेला कोरा चेक असला तरी तो देण्यापोटीच दिला असं कायदा आधी धरून चालतो, आणि उलट सिद्ध करायचं ओझं आपल्यावर येतं, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितलं आहे. कोरा चेक देणं म्हणजे आपल्या बायकांना पोलीस पाटलासमोर कोऱ्या कागदावर अंगठा द्यायला लावत तसंच आहे. तो अंगठा देऊ नको म्हणून आपण किती बायांना बजावलंय!

आणि संस्थेच्या नावाने सही करायची म्हणजे काय फरक पडतो, तेही ऐका. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याच्या कलम ८ प्रमाणे संस्थेच्या वतीने दाव्यात नाव असलेल्या पदाधिकाऱ्यावर हुकूमनामा झाला, तर त्याची वसुली संस्थेच्या मालमत्तेतून होते. त्या बाईच्या स्वतःच्या मालमत्तेतून किंवा तिला पकडून होत नाही. आमच्या ताईंनी स्वतःच्या नावाने सही केली आणि हे संरक्षण गमावलं. शिक्का घरी विसरला होता, एवढ्याच कारणाने.

कुलूप लावून का गेलो नाही

ताबा देणं आणि जागेत न राहणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कुलूप लावून निघून गेलं तर ताबा आपल्याकडेच राहतो आणि भाडं चढत राहतं. किल्ली मालकाच्या हातात पडली, ती पडल्याचा कागद आपल्या हातात आला, म्हणजे जागा सुटली.

आम्ही असं केलं. दिवाळीच्या आधी, दहा नोव्हेंबरला मालकांना नोटीस पोचली. संस्थेचा ठराव, आणि ताईंच्या सहीने पत्र: तीस नोव्हेंबरला जागा सोडत आहोत, दोन महिन्यांची थकबाकी मान्य आहे, ताबा घ्यायला अमुक वेळी यावं, चेक परत द्यावेत. तेव्हा आम्ही रजिस्टर पोस्टाने पाठवलं होतं. २०२५ मध्ये रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झालं आहे, तेव्हा आता स्पीड पोस्टाने पाठवायचं आणि पोचल्याचा पुरावा जपून ठेवायचा. व्हॉट्सॲपवरही तेच पाठवा, पण नुसत्या व्हॉट्सॲपवर राहू नका.

मालक चिडले. ताईंच्या यजमानांना पुन्हा फोन केला. या वेळी यजमान म्हणाले, “काका, सही तिची आहे, तिच्याशीच बोला.” हे वाक्य आमच्या गटात अजून सांगतात.

मग बोलणी झाली, वकील बाई आणि आम्ही चौघी. वरच्या जागेसाठी एक विमा एजंट विचारत होता, त्याला आम्ही मालकांकडे घेऊन गेलो. तो जानेवारीपासून यायला तयार झाला. शेवटी ठरलं ते असं: थकलेले नऊ हजार, डिसेंबर रिकामा जाणार म्हणून त्या एका महिन्याचे साडेचार हजार, रंगाचे तीन हजार. एकूण साडेसोळा हजार. डिपॉझिटमधून ते वळते करून साडेतेरा हजार आम्हाला परत. सहाही चेक परत. एक्याऐंशी हजारांच्या जागी हा हिशेब झाला. डिसेंबरच्या साडेचार हजारांबद्दल काही जणींचं मत होतं की द्यायला नको होते, नोटीस तर नीट दिली होती. असेल. पण त्याच गावात आम्हाला पुढेही राहायचं होतं, आणि चेक हातात यायला हवे होते. कुठे थांबायचं हे गटाने ठरवलं, भीतीने ठरवलं नाही.

ताबापावती केली. त्यात तारीख, किल्ल्या किती, महावितरणच्या मीटरचं रीडिंग, कुठल्या वस्तू आम्ही नेल्या, ‘यापुढे एकमेकांकडे काही देणं नाही’ हे वाक्य, दोघांच्या सह्या आणि दोन साक्षीदार. चेकचे नंबर एकेक करून लिहिले आणि चेक तिथेच फाडले. खोल्यांचे फोटो काढले. आपण लावलेले पंखे, कपाटं, फळ्या काढून नेता येतात, फक्त जागा होती तशी करून द्यायची. बोलणी फिसकटली असती तर विधी सेवा समितीमार्फत लोकअदालतीत प्रकरण नेता आलं असतं. दावा दाखल व्हायच्या आधीसुद्धा नेता येतं आणि तिथे झालेल्या तडजोडीवर अपील नसतं. आणि मालकाने मध्येच आपल्याला न विचारता कुलूप ठोकलं असतं, तर विशिष्ट अनुतोष कायदा, १९६३ च्या कलम ६ प्रमाणे सहा महिन्यांच्या आत ताबा परत मागता येतो.

भिंतीवरचं पत्र

कागदांचं झालं. आता मला जे सगळ्यात आधी सांगायला हवं होतं, ते सांगते.

जागा सोडायच्या गडबडीत आम्ही पंखे मोजले, खुर्च्या मोजल्या. बायांच्या फायली कपाटात होत्या, आणि मालकांकडे दुसरी किल्ली होती. कोण मारतो, कोणी गर्भपात केला, कोणाचं मूल कोणाचं, हे सगळं त्या कपाटात. हे एका मैत्रिणीला रात्री झोपताना आठवलं. दुसऱ्या दिवशी आधी फायली हलवल्या, मग नोटिशीचं बोललो. तुम्ही उलटा क्रम करू नका.

दुसरं, २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली ज्या बायांनी अर्ज केले होते, त्यांतल्या काहींनी पत्रव्यवहाराचा पत्ता म्हणून आमच्या केंद्राचा पत्ता दिला होता. घरी समन्स गेलं तर मार पडतो, म्हणून. आम्ही जागा सोडली असती आणि कोर्टाचं पाकीट विमा एजंटाच्या दारात पडलं असतं. प्रत्येकीला गाठून कोर्टात नवा पत्ता देईपर्यंत आमचे पंधरा दिवस गेले. संस्थेचा नोंदलेला पत्ता बदलला तर धर्मादाय कार्यालयात नव्वद दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो, तेही करा. बँकेत कळवा.

आणि तिसरं. जानेवारीत एक बाई कडेवर पोर घेऊन त्या जिन्याने वर गेली. दारावर आमची पाटी नव्हती. आम्ही नव्या पत्त्याचं पत्र लावून ठेवलं होतं, पण ते एजंटाने रंग देताना काढलं होतं. ती खाली आली, पायरीवर बसून राहिली. खालच्या दुकानदाराने तिला आमच्या एका मैत्रिणीचं घर दाखवलं, म्हणून ती पोचली. नाही तर ती परत गेली असती, आणि कुठे परत गेली असती हे आपल्याला माहीत आहे. तेव्हापासून आम्ही ठरवलं आहे: जागा सोडल्यावर निदान दोन महिने, केंद्राच्या ठरलेल्या वारी, आमच्यातली एक जण जुन्या जिन्याखाली जाऊन बसेल. ताबापावतीत ‘नव्या पत्त्याची पाटी तीन महिने जिन्याखाली राहील’ हे लिहून घ्या. त्याला पैसा लागत नाही.

पुढच्या वेळी सही करताना

आता पुढची जागा घेताना. सही संस्थेच्या नावाने, ठराव करून, शिक्क्यासह. वैयक्तिक जामीन नको. कोरा चेक नको. नोंदणी करून घ्या. लिव्ह-लायसन्सची नोंदणी आता ऑनलाइनही होते. नोंदणी आपल्याही फायद्याची आहे, कारण आपल्या बाजूच्या अटीही त्यातूनच पक्क्या होतात. लॉक-इन असलंच तर तीन महिन्यांहून जास्त नको, आणि ते दोघांनाही बांधणारं असावं. ‘संस्थेचा निधी बंद झाल्यास एक महिन्याच्या लेखी नोटिशीने जागा सोडता येईल’ असं एक कलम घाला. मालक हे कलम सहज मान्य करतात, कारण सही करायच्या दिवशी त्यांनाही भाडेकरू हवा असतो. डिपॉझिट किल्ली देण्याच्या दिवशीच परत, हेही लिहा. आणि सही करायच्या आधी करार बैठकीत मोठ्याने वाचा, जिला लिहिता-वाचता येत नाही तिलाही कळेल असा.

जागेशिवाय संघटना चालते का, असंही कोणी विचारेल. दिल्लीच्या ‘सहेली’ गटाचं काम वर्षानुवर्षं एका उड्डाणपुलाखालच्या गाळ्यातून चाललं, आणि त्या संस्थांचा निधी घेतच नाहीत. आमचं केंद्र सध्या आठवड्यातून एक दिवस पुन्हा ओसरीवर भरतं. फरक इतकाच की आता घरातला कोणी पाणी प्यायला येत नाही. ते आधीच ठरवून घेतलंय. पण मला विचाराल तर आपल्या दाराची जागा हवीच. फक्त त्या दारातून आत जाताना बाहेर कसं पडायचं ते ठरलेलं असावं. लग्नाच्या कागदाबद्दल आपण मुलींना हेच सांगत आलो आहोत.

त्या साडेतेरा हजारांचं काय केलं, असं विचारताय? एक लोखंडी कपाट घेतलं, कुलपाचं. फायली त्यात आहेत. किल्ल्या दोन आहेत आणि दोन्ही आमच्याकडे आहेत.